घर विकणाऱ्याला परीक्षा, बांधणाऱ्याला नाही

महाराष्ट्रात जागेच्या व्यवहारात दलाली करायची असेल, तर आता नुसती ओळखपाळख आणि दोन मोबाइल पुरत नाहीत. महारेराने २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नोंदणी नसलेल्या दलालाला महारेराच्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देता येत नाही, आणि ग्राहकाला त्याचा क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघता येतो. चांगलेच झाले. पण याच राज्यात एखाद्याने आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून स्वतःच्या प्लॉटवर दुमजली घर बांधायला काढले, तर ते बांधून देणाऱ्या ठेकेदाराला परीक्षा नाही, नोंदणी नाही, क्रमांक नाही. काल सेंट्रिंगच्या फळ्या भाड्याने देणारा माणूस आज ‘बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर’ असे कार्ड छापू शकतो. त्याला अडवणारा कायदा नाही. घर विकून देणाऱ्याची लायकी सरकार तपासते आणि बांधून देणाऱ्याची तपासत नाही, हा उलटा कारभार आहे. तो सुलटा करा, ही मागणी घर बांधू पाहणाऱ्या सामान्य माणसाने लावून धरली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

‘काम देण्याआधी ठेकेदाराचा परवाना बघा’ हा सल्ला आपण सहज देतो आणि ऐकतो. कोणता परवाना, हे विचारले की सल्ला देणारा अडखळतो. ठेकेदाराला विचारले तर तो अडखळत नाही. त्याच्याकडे लॅमिनेट केलेले दोन-चार कागद असतातच. पहिला असतो शॉप अॅक्टचा. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर थोडक्या कामगारांच्या आस्थापनेला नोंदणीही लागत नाही. आम्ही धंदा सुरू केला आहे, एवढी ऑनलाइन सूचना दिली की पावती हातात पडते. दुसरा असतो ‘उद्यम’चा. २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी मालकाच्या स्वतःच्या निवेदनावर, फुकट होते. तिसरा जीएसटीचा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की तो घ्यावा लागतो. त्यावरून माणूस कर भरण्याच्या कक्षेत आला आहे एवढे कळते, त्याला बीममधली सळई वाचता येते की नाही हे कळत नाही. चौथा, क्वचित कुणाकडे, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदणीचा असतो. तो यातल्या त्यात वजनदार, कारण तिथे अनुभव आणि आर्थिक कुवत बघून वर्ग ठरतो. पण ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते. रस्त्याचे खडीकरण आणि पूरसंरक्षक भिंती करून वर्ग मिळवलेला ठेकेदार तुमच्या घराचा जिना नीट घालील, असे त्यातून निघत नाही. हे चारही कागद खरे असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जातात, त्या प्रश्नाशी मात्र त्यांचा संबंध नसतो.

तरी हे कागद निरुपयोगी नाहीत, हे सांगितले पाहिजे. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली, हे दोन मिनिटांत समजते. ‘आमची फर्म पंधरा वर्षे जुनी’ असे सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या दिवाळीनंतरची निघाली, तर खुलासा मागायला निमित्त मिळते. पण ही झाली माणसाच्या बोलण्याची परीक्षा. त्याच्या कामाची परीक्षा घेणारी व्यवस्था आपण उभीच केलेली नाही.

असे का झाले, याला इतिहास आहे. आपले बांधकामविषयक कायदे मोठ्या बांधकामाकडे आणि आराखड्याकडे बघत घडले. रेरा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून पुरता लागू झाला, तो प्रवर्तकासाठी; पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, आणि स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधणारा तर प्रवर्तकच नव्हे. तिथे बांधकामातल्या दोषाची पाच वर्षे जबाबदारी प्रवर्तकावर येते; प्लॉटवाल्याच्या वाट्याला असे काही येत नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. पण तो कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो, घराचे आरेखन करण्याच्या कामाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. अभियंत्यांसाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही. महापालिका आणि नगरपालिका आपापल्या विकास नियंत्रण नियमांखाली अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांना परवाने देतात. राज्याच्या मोठ्या भागाला २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत त्यांची पात्रता आणि कर्तव्ये दिलेली आहेत. म्हणजे नकाशा काढणारा नोंदलेला, सळईचा हिशेब करणारा नोंदलेला, देखरेख करणारा नोंदलेला. प्रत्यक्ष काँक्रीट ओतणारा तेवढा मोकळा. कायद्याने गृहीत धरले की वरचे तिघे त्याच्यावर लक्ष ठेवतील. लहान घरांच्या बाबतीत हे गृहीतक कागदावरच राहते, कारण मालक इंजिनिअरला पैसे देतो ते नकाशा मंजूर करून आणण्याचे. स्लॅबच्या दिवशी येऊन उभे राहण्याची फी वेगळी असते. ती पहिल्याच बैठकीत काटली जाते आणि इंजिनिअरचे दर्शन पुढे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी होते.

याहून बोचणारी गोष्ट अशी की जे परवाने आहेत, तेही आपण विचारत नाही. घराच्या वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, अशी तरतूद केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी वगळली आहेत. नवे वीजजोड घेताना महावितरणला त्या ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. नळजोडासाठी महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. घरात मात्र घडते ते असे: भिंतीला झिऱ्या मारून पाइप टाकणारी पोरे ठेकेदाराच्या ओळखीची असतात, काम संपते, आणि मग टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ‘लायसनवाला’ शोधला जातो. त्याने घराचा उंबरा ओलांडलेला नसला तरी सही मिळते, तिचा दरही ठरलेला असतो. अर्थिंग नीट झाले का, स्वयंपाकघराच्या सर्किटला पुरेशा जाडीची तार आहे का, आरसीसीबी बसवला का, हे त्या कागदावर लिहिलेले असते आणि कुणीच तपासलेले नसते. यावर ‘बघा, परवाना म्हणजे सहीचा धंदा’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याकडे पुढे येतोच. पण आधी हे मान्य करू की या धंद्यात मालकही गिऱ्हाईक आहे. तो परवाना कामाच्या शेवटी मागतो, आणि तोही स्वतःसाठी नव्हे, महावितरणच्या खिडकीसाठी.

ठेकेदाराच्या बाबतीत ओळखीवर विसंबणे का अपुरे आहे, याचे कारण आरसीसीच्या स्वभावात आहे. सुताराचे काम दिसते, फरशीवाल्याचे दिसते, रंगाऱ्याचे तर डोळ्यांत भरते. घर उभे असते ते मात्र न दिसणाऱ्या कामावर. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोके १३५ अंशांत वाकवून काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक सांगते. काटकोनात वाकवून सोडणे सोपे जाते, म्हणून ती तशीच सोडली जातात. रोजच्या वापरात दोन्ही घरे सारखीच उभी राहतात. जमीन हलते तेव्हा काटकोनातले टोक उघडते आणि रिंग सळयांना धरून ठेवत नाही. काँक्रीटवर साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी राहिले पाहिजे, हा आणखी एक नियम. बाजारात घरबांधणीसाठी सर्रास मिळते ते पीपीसी, म्हणजे मिश्रच. आणि पाणी मारणे बहुधा वॉचमनच्या सवडीवर चालते. सळई आणि फळी यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक न घालता दगडाची कपची सारली, पंप करायला सोपे जावे म्हणून मालात जास्तीचे पाणी ओतले, व्हायब्रेटर न लावता सळईने टोचून भागवले, तर यातले एकही पाप गिलावा झाल्यावर दिसत नाही. ते सात-आठ वर्षांनी स्लॅबच्या पोटाला पोपडा धरतो आणि गंजकी सळई उघडी पडते तेव्हा दिसते. तोवर ठेकेदाराने फर्मचे नाव दोनदा बदललेले असते.

‘माणूस वीस वर्षे हेच करतोय’ हे म्हणूनच पुरेसे उत्तर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीच्या परिसरातली ती घरे अननुभवी हातांनी बांधलेली नव्हती. जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे धाबे, ही पद्धत पिढ्यानपिढ्या मुरलेली होती, आणि ती उन्हासाठी उत्तम होती. भिंतीच्या दोन अंगांना एकमेकांशी जखडणारे लांब दगड न घालणे, चिखलात दगड रचणे, माथ्यावर मातीचे ओझे वाढवत जाणे, हेही त्याच अनुभवात मुरले होते. चूक जर कधी उघडी पडत नसेल, तर वर्षे वाढतात तशी ती चूकही पक्की होत जाते. पुनर्वसनाच्या काळात त्या भागातल्या गवंड्यांना नव्याने शिकवावे लागले, ते याचसाठी.

दुरुस्तीच्या कामात तर धोका शेजाऱ्यापर्यंत जातो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत कोसळून सतरा जण दगावले. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात इमारतीच्या आधाराला हात लावला गेल्याचा आरोप झाला आणि गुन्हा दाखल झाला. खटल्याचे काय ते न्यायालय बघेल. पण ‘हॉल मोठा करून द्या’ म्हटल्यावर हातोडा उचलणारा माणूस कोण, त्याला विटांची भिंत आणि भार पेलणारा खांब यांतला फरक कळतो का, हे विचारण्याची सक्ती आजही कुठल्या सोसायटीवर धडपणे नाही. अनेक सोसायट्या अनामत रक्कम घेतात, लिफ्टमधून रेती नेऊ नका म्हणतात, दुपारी दोन ते चार आवाज नको म्हणतात. खांबाबद्दल अवाक्षर नसते.

परवान्याचे समर्थक बहुधा इथे चूक करतात. ते परवान्याला कौशल्याची हमी म्हणून विकतात, आणि मग एखादा परवानाधारक नालायक निघाला की सारा युक्तिवाद गडगडतो. परवान्याची खरी किंमत तो मिळतो यात नाही, तो काढून घेता येतो यात आहे. नोंदवहीत नाव असले की माणसाला पत्ता येतो, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी एकाच नावाखाली साठतात, आणि नाव खोडले जाण्याची भीती राहते. आज घराच्या ठेकेदाराला गमावण्यासारखे काय आहे? एका वस्तीत नाव खराब झाले, तर तो नदीपलीकडच्या वस्तीत नवे कार्ड घेऊन उभा राहतो. पहिल्या मालकाचा अनुभव तिसऱ्या मालकापर्यंत पोचवणारी कुठलीही वाट नाही.

ही वाट कशी असते, हे पाहायला कॅलिफोर्नियाचे उदाहरण उपयोगी आहे. तिथे १९२९ पासून ठेकेदारांचे परवाना मंडळ आहे. परवान्यासाठी चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, कायद्याची आणि त्या त्या कामाची परीक्षा द्यावी लागते, पंचवीस हजार डॉलरचा हमीरोखा द्यावा लागतो. परवान्याचा क्रमांक जाहिरातीवर आणि करारावर छापावा लागतो, आणि कुणीही तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून चालू आहे की निलंबित हे बघू शकतो. २०२५ पासून हजार डॉलरच्या आतली किरकोळ कामे, ज्यांना बांधकाम परवानगी लागत नाही आणि हाताखाली माणसे ठेवावी लागत नाहीत, तेवढीच विनापरवाना करता येतात. घराच्या दुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. सगळ्यात कडक तरतूद पुढची आहे: विनापरवाना ठेकेदाराने काम पूर्ण केले तरी त्याला पैशांसाठी न्यायालयात जाता येत नाही, उलट मालक दिलेले पैसे परत मागू शकतो. म्हणजे परवाना नसण्याची किंमत ठेकेदाराच्याच खिशातून जाते. त्यासाठी मागे निरीक्षक लावावा लागत नाही. तिथे फसवणूक थांबली आहे असे मुळीच नाही. मंडळाला विनापरवाना ठेकेदार पकडायला अजूनही सापळे लावावे लागतात. पण पकडायचे कुणाला, हे तिथे ठरलेले आहे. सॅन होजे-फ्रीमाँटकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तिथले स्वयंपाकघर नवे करताना ही सोय हाताशी असते. तेच कुटुंब सांगलीला किंवा कोथरूडला आईवडिलांचे घर फोनवरून बांधून घेते तेव्हा त्याच्या हाती व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो असतात आणि मामेभावाचा शब्द.

आपल्याकडे कायदा अगदीच हात वर करतो असे नाही. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे १९९३ च्या दुरुस्तीने ग्राहक संरक्षण कायद्यात आले, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात त्याचा अर्थ ठसठशीतपणे मांडला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंत तर फीसुद्धा नाही. मग लोक जात का नाहीत? कारण तक्रार करायला प्रतिवादीचे पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, करार लागतो, दिलेल्या पैशांचा पुरावा लागतो. आणि आपल्या ठेकेदाराचे नाव मोबाइलमध्ये ‘बाळूशेठ स्लॅब’ असे साठवलेले असते. व्यवहाराचा अर्धा भाग रोखीत, दर स्क्वेअर फुटामागे तोंडी, आणि जादा कामाचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर. त्यात तक्रारीला सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची. गळती बऱ्याचदा तिसऱ्या पावसाळ्यात बोलते. हक्क आहे, पण तो बजावायला लागणारा माणूसच नोंदीत नाही, अशी ही कोंडी.

यावर पहिला आणि सगळ्यात सबळ आक्षेप लाचखोरीचा. आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल, आणखी एक एजंट, आणखी एक ‘चहापाणी’. टेस्ट रिपोर्टवरच्या विकत सह्यांचे उदाहरण मीच वर दिले. ते या आक्षेपाच्या बाजूचे आहे, हे नाकारत नाही. पण तिथे सडते कुठे, ते बघा. परवाना एका माणसाचा आणि काम दुसऱ्याचे, हे उघड होत नाही, कारण त्या परवान्यावर वर्षभरात किती घरांच्या सह्या झाल्या हे कुणाला दिसत नाही. प्रत्येक काम क्रमांकासह खुल्या नोंदवहीत चढले, तर एकाच महिन्यात तीन तालुक्यांतल्या चाळीस घरांचे वायरिंग करणारा कर्तबगार इसम कुठल्याही शेजाऱ्याला सापडेल. लाच अंधारात चालते. मुद्दा परवाने वाढवण्याचा नाही, नोंद उघडी ठेवण्याचा आहे. ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर नोंदणी झाली असे धरायचे, अर्ज ऑनलाइन, आणि रद्द करण्याचा निर्णय कारणांसह जाहीर, एवढ्या अटी असल्या तर टेबलाखाली जागा कमी उरते. शून्य उरेल असा माझा दावा नाही.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो टाळता येणार नाही. बांधकामावरचा कसबी गवंडी पुष्कळदा कमी शिकलेला असतो, कुणी बीड-नांदेडकडचा, कुणी कलबुर्गीचा, कुणी बिहारचा. त्याला इंग्रजी फॉर्म आणि लेखी परीक्षा लावली, तर कागद पदविकाधारकाच्या हाती आणि थापी याच्या हाती, अशी नवी दलाली जन्माला येईल. हे खरे आहे, म्हणूनच परीक्षा हाताची असावी. याचा रस्ता सरकारने आधीच काढून ठेवला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांसाठी गवंड्यांना प्रत्यक्ष घर बांधता-बांधता शिकवून प्रमाणपत्र देण्याचा कार्यक्रम चालतो. कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणित करण्याची सोय आहे. रिंग वाकवून दाखव, मालाची घनता ओळख, नकाशातला हा बीम कुठे येतो ते जागेवर दाखव: याला मराठी, हिंदी, तेलुगू किंवा नुसत्या हातांची भाषा पुरते. शिवाय नोंदणी रोजंदारीवरच्या गवंड्याला लावायचीच नाही. जो दुसऱ्याच्या पैशाने, स्वतःच्या नावाने, आरसीसीचे पूर्ण काम अंगावर घेतो, त्याला लावायची. गवंड्याचा ठेकेदार होतो तेव्हा तो मजूर राहत नाही, मालक होतो. त्याच्या मजुराला परांचीवरून पडून इजा झाली तर विमा आहे का, हा प्रश्न विचारायचीही तीच जागा आहे. गरीब माणसाच्या नावाने ज्याला सूट मागायची, त्याच्या हाताखालचा माणूस त्याच्याहून गरीब आहे, हे अशा वेळी विसरले जाते.

तिसरा आक्षेप दराचा. नोंदणी, चाचणी, विमा आले की स्क्वेअर फुटाचा दर वाढणार. वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीने २००४ मध्ये धंदा खुला करण्यासाठी ५३ कारागिरींमधली ‘माइस्टर’ पदवीची अट काढली, आणि २०२० मध्ये त्यांतल्या बारांना, फरशी बसवणाऱ्यांसह, ती परत लावली. यावरून एवढे घेता येईल की कुठल्या कामाला अट हवी आणि कुठल्याला नको, याचा तोल चाचपडतच सापडतो. गवंडीकामाची अट मात्र त्यांनी २००४ मध्येही काढली नव्हती. आपल्यालाही रंगारी, सुतार, फरशीवाला यांना हात लावायची गरज नाही. घराचा भार ज्यावर उभा आहे तेवढेच काम कक्षेत घ्यावे. आणि दराची तुलना करताना दुसऱ्या पारड्यात स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च टाकायला विसरू नये. जॅकेटिंग, ग्राउटिंग, वॉटरप्रूफिंग यांची कोटेशने ज्यांनी घेतली आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही.

नोंदवही येईपर्यंत मालकाच्या हातात काही नाही असे नाही. वायरमन आणि प्लंबर यांचे परवाने कामाच्या पहिल्या दिवशी मागता येतात, आणि सही करणारा माणूस पाइप गिलाव्याखाली जाण्याआधी घरात येईल, असे करारात लिहिता येते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया, जोते आणि प्रत्येक स्लॅब एवढ्या भेटींचे वेगळे पैसे ठरवून देता येतात. संपूर्ण घराच्या खर्चात ती रक्कम मॉड्युलर किचनच्या एका ट्रॉलीएवढीही जड जात नाही. हप्ते तारखेला न बांधता इंजिनिअरच्या होकाराला बांधता येतात: सळई तपासली, मग स्लॅब, क्युरिंग झाले, मग पैसे. ठेकेदाराच्या जुन्या मालकांना भेटायचे तर नुकत्याच वास्तुशांत झालेल्या घरी जाऊन उपयोग नाही. पाच-सात पावसाळे खाल्लेले घर दाखवायला सांगावे. जो तसे एकही दाखवू शकत नाही, त्याची कारणे ऐकून घेण्यासारखी असतील, पण आधी ऐकावीत.

राहिला सरकारचा भाग. मंजुरी मिळालेल्या बांधकामाच्या जागी लावायच्या फलकावर मालक आणि वास्तुविशारद-अभियंता यांच्याबरोबर ठेकेदाराचेही नाव-पत्ता लिहावा, असे नियमावलीत आहे. तो फलक शेवटच्या रंगाच्या हाताबरोबर नाहीसा होतो, आणि नावही. त्याऐवजी काम सुरू केल्याची सूचना आणि जोते तपासणीचा अर्ज यांत ठेकेदाराचे नाव, पॅन आणि मोबाइल सक्तीचा करावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना नाव व काम एवढे महापालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असे ठेवावे. यासाठी नवे मंडळ लागत नाही, परीक्षाही नंतर येऊ दे. नियमावलीच्या परिशिष्टातला नमुना नगरविकास विभागाला बदलता येतो. दोन-तीन वर्षांत कुठल्या ठेकेदाराने किती घरे बांधली आणि त्यांतली कुठली अर्धवट सोडली, हे शहरागणिक दिसू लागेल. त्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याला घराचे काम द्यायचे की नाही हे मग ज्याचे त्याने ठरवावे.